सात दिवसांचं तेल

"थांब, आधी हे दाबावं लागतं," मंदाकाकू म्हणाल्या आणि त्यांनी अनामिकेने एफ-वनचं बटण दाबलं. देवाला गंध लावावं तितक्या जपून.

काळ्या पडद्यावर मशीन आपलं गाऱ्हाणं सांगत होतं. घड्याळ चुकलंय, तारीख हरवलीय, तरीही पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. काकूंनी ते वाचलंही नाही. त्या पाय धुऊन, देवापाशी सांजवात लावून आल्या होत्या आणि हातांना अजून तुपाचा वास होता. जुना फुगीर मॉनिटर दोनदा लुकलुकला. मग खिडक्या उघडाव्यात तशी जुनी विंडोज उघडली आणि काकूंनी माउस दोन्ही हातांनी धरून एका चिन्हावर नेला.

ते चिन्ह मीच काढलेलं होतं. पिवळा ठिपका आणि त्याखाली काळा मनोरा.

"काकू, हे चालणार नाही," मी म्हटलं. "हा खेळ केव्हाच मेलाय."

"बघ तर खरं."

पडद्यावर समुद्रातला खडक आला, खडकावरचं दीपगृह आलं, गोल जिना आला. आणि वरच्या खोलीत दिवा जळत होता. दिव्याशेजारी दाढीवाला रखवालदार बसला होता. त्याने मान वर केली.

"आलात? बरं झालं. तेल संपतच आलं होतं."

हेरंबचा आवाज. हेरंबला जाऊन अकरा वर्षं आणि नऊ महिने झाले होते.

"आले रे," काकू मॉनिटरकडे बघून म्हणाल्या. "आज चारू आलीय. म्हणून उशीर."

ही गोष्ट दोन हजार चौदाची. गणपती नुकतेच गेले होते, पितृपंधरवडा लागला होता. एका दिवाळी अंकाने माझ्याकडून लेख मागवला होता. कॉम्प्युटरवरच्या जुन्या साहसी खेळांवर जीव टाकणाऱ्यांनी घरच्या घरी बनवलेले जे खेळ होते, त्यांतले कोणते अजून खेळवतात? आता या विषयावर लेख लिहिणारी बाई अख्ख्या महाराष्ट्रात एकच, त्यामुळे संपादकांना माझ्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी महिनाभर जुने खेळ उकरत बसले होते. बरेचसे पार विटलेले. एका खेळात राजवाड्याची किल्ली मिळवायला माशाला चष्मा घालावा लागायचा. बारा-चौदा वर्षांपूर्वी आम्हाला ते भारी वाटलं होतं, आता बनवणाऱ्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. काही मात्र टिकले होते. एका परदेशी पोस्टमनने एकट्याने बनवलेला बर्फातल्या स्टेशनचा खेळ तर असा, की त्याची चित्रं बोटभर आणि ठिपक्याठिपक्यांची, पण गाडीची वाट बघता बघता माझा चहा गार झाला.

आणि यादी करता करता मला हेरंबचा खेळ आठवला. आठवला म्हणजे काय, विसरले कधी होते? तो यादीत नाही हे दिसलं, एवढंच.

हेरंब शेवडे आणि मी कराडला इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. आम्हा दोघांना एका परदेशी खेळाचं वेड लागलं होतं. त्यात दीपगृहाचा एक रखवालदार होता, त्याच्या तोंडी मिळून दोन वाक्यं. हेरंबला त्याची दया आली. "एवढा उंच बसवला आणि बोलायला काही दिलं नाही," तो म्हणायचा. म्हणून आम्ही त्या रखवालदाराचा वेगळा खेळ बनवला. कोडी हेरंबची, सव्वीस चित्रं माझी, आवाज हेरंबचा. एकूण एकोणीस वाक्यं. शनिवार पेठेतल्या याच दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये गादीखाली डोकं घालून त्याने ती रेकॉर्ड केली होती. एका वाक्यात तो "दिवा विझला" म्हणाला, तर काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या होत्या, "विझला म्हणू नये रे. शांत झाला म्हणावं." त्याने मुकाट्याने वाक्य बदललं.

समुद्राचा आवाज मात्र आम्ही सुपात तांदूळ पाखडून केला होता.

खेळाला एक नियम होता आणि त्यावरून आम्ही जाम भांडलो होतो. दिव्यात सात दिवसांचं तेल मावतं. सात दिवसांत येऊन तेल घातलं नाही, तर खेळ संपला. परत सुरू करता येत नाही, नव्याने टाकला तरी चालत नाही. खेळ स्वतःच्या फाइली स्वतःच पुसून टाकायचा. "हा दुष्टपणा आहे," मी म्हटलं होतं. हेरंब म्हणाला, "वाट बघणारा माणूस खरा वाटायला हवा ना, मग तो मरूही शकला पाहिजे." लोकांनी इंटरनेटवर आम्हाला शिव्या घातल्या. कुणी परीक्षेत अडकलं, कुणी लग्नाला गेलं, सगळ्यांचे दिवे गेले. शिल्लक राहिली नाही एकही प्रत. म्हणून तर मी कराडला आले होते. निदान चित्रं तरी मिळतील, एवढीच आशा.

"तुम्ही रोज घालता तेल?" मी काकूंना विचारलं.

"रोज. त्यानेच सांगितलं होतं." काकूंनी माउसने तेलाचा डबा उचलून दिव्यापाशी नेला. ज्योत मोठी झाली. "जाताना म्हणाला, आई, मी पाच दिवसांनी येतो. तोवर संध्याकाळी एवढं तेल घाल. सात दिवस चुकले तर माणूस जातो."

पडद्यावरचा रखवालदार म्हणाला, "आता झोप लागेल मला."

काकूंनी पडद्यावरून पदर फिरवला, धूळ नव्हतीच, आणि मशीन बंद करून भिंतीवरचं बटणही बंद केलं.

तो कुठे गेला होता हे मला सांगायची गरज नव्हती. मार्गशीर्षात तो टेपरेकॉर्डर घेऊन गुहागरच्या खालच्या अंगाला एका दीपगृहापाशी गेला. खरा समुद्र रेकॉर्ड करायला. खडकावर उभा होता, लाट आली. टेपरेकॉर्डर सापडला नाही आणि तोही सापडला नाही. आणि त्याला खरा समुद्र कशाला हवा होता? कारण मी चारचौघांत म्हटलं होतं, "तुझा समुद्र म्हणजे आमच्या आजीचं सूप रे!" सगळे हसले. तोही हसला. मला तो आवडायचा, आणि आवडणाऱ्या माणसाची टर उडवण्यापलीकडे मला तेव्हा काही येत नव्हतं. तो गेल्यावर मी या घराची पायरी चढले नाही. पुण्यात नोकरी धरली आणि काकूंना तोंड दाखवलं नाही.

रात्रीच्या पानावर काकूंनी विषय काढला.

"श्रीपादभावजींचा फोन होता. येत्या मार्गशीर्षात बारा वर्षं होतात. दर्भाचा पुतळा करून विधी करून टाकू म्हणतात. सापडला नाही त्याचं बारा वर्षांनी करतात."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, दिवा आहे अजून." त्यांनी माझ्या पानात आमटी वाढली. "भावजी चिडले. म्हणाले, पोराला गती नको का? मी म्हटलं, ज्याचा आवाज रोज घरात येतो त्याचा पुतळा कसा करू?"

मी आमटीत भात कालवला.

"आणि तो नुसता तेलाचंच बोलतो असं नाही," काकू म्हणाल्या. "परवा म्हणाला, पायऱ्या फार आहेत, गुडघे जपा."

ते वाक्य होतं. एकोणिसांतलं अकरावं. पण त्यांनी पुढे सांगितलं, "आषाढात म्हणाला, दार नीट लावा, पाऊस आत येतोय." हे एकोणिसांत नव्हतं. मी मनातल्या मनात सगळी वाक्यं मोजून पाहिली. नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी काकूंची सावली पडली होती आणि पलीकडच्या खोलीत मॉनिटर अंधारात बसला होता. एकट्या बाईच्या मनाचे खेळ, असं मी स्वतःला समजावलं. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा मात्र त्या खोलीतून न जाता गॅलरीतून वळसा घालून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या परवानगीने मी मशीन उघडलं. माझी पेन ड्राइव्ह त्या बाबा आदमच्या विंडोजला ओळखता येईना, तेव्हा डिस्कच काढून दुसऱ्या मशीनला लावावी लागणार होती. आमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात पहिला धडा असतो, आधी नक्कल, मग डागडुजी. पण डिस्कला लागणारी वायर मी पुण्यात विसरले होते. माझा भाऊ ती त्याच्या पुढच्या दिवशी घेऊन येणार होता. मग झाकण लावता लावता मला बोर्डावरचा सेल दिसला. घड्याळातल्यासारखा चपटा, गोल, कडेने हिरवट झालेला.

"काकू, रोज ते एफ-वन का दाबावं लागतं माहितीय? हा सेल गेलाय. मशीन बंद केलं की तारीख विसरतं. रोज त्याला वाटतं, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी."

काकू कोथिंबीर निवडत होत्या. "हो का?" त्या म्हणाल्या.

"वीस रुपयांचा सेल. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळेल. मी बदलून देते."

"कशाला? चाललंय ना."

"अहो, पाच मिनिटांचं काम. तुमचा रोजचा त्रास वाचेल."

त्यांचे हात थांबले. काड्या एकीकडे, पानं एकीकडे, असे दोन ढीग समोर होते. त्या बराच वेळ त्या ढिगांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, पैशांचा संकोच करताहेत.

"बदल," त्या म्हणाल्या. "तू बदल."

मी बदलला. तारीख नीट केली, वेळ मनगटावरच्या घड्याळाशी मिळवली. कुणाला तरी थोडी मदत केली म्हणून स्वतःवर खूश होते. बारा वर्षांच्या अपराधावर वीस रुपयांचं मलम लावत होते, खरं सांगायचं तर.

तिन्हीसांजा झाल्या. काकूंनी सांजवात लावली. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जरा बरी साडी नेसली होती, हे मला नंतर आठवलं. त्या खुर्चीवर बसल्या, बटण दाबलं. मशीन कुठे अडलं नाही, एफ-वन मागितलं नाही, सरळ पुढे गेलं.

"बघा!" मी म्हटलं.

काकूंनी चिन्हावर माउस नेला. त्यांनी बटण दाबलं आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काल तेल घातलं तेव्हा खेळाने तारीख लिहून ठेवली होती, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. आज मी त्याला दोन हजार चौदा सांगितलं होतं. त्याच्या हिशेबाने चौतीस वर्षं तेल नव्हतं.

"काकू, थांबा!"

मी वायर ओढायला वाकले, पण उशीर झाला होता.

पडद्यावर चित्र आलं. ते माझं नव्हतं. सव्वीस चित्रं मी काढली होती आणि एकेक मला पाठ होतं. हे सत्ताविसावं, लोकांच्या प्रतींत कधीच नसलेलं; तिथे दिवा गेला की पडदा नुसता काळा व्हायचा. हेरंबने स्वतः काढलेलं, मुलं काढतात तसं वेडंवाकडं. दिव्याची खोली काळोखी. रखवालदाराची खुर्ची रिकामी. जिन्याचं दार उघडं आणि पायऱ्यांवर खाली जाणारी एक पाठ.

"दिवा शांत झाला," हेरंबचा आवाज म्हणाला. हे विसावं वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. "होऊ दे. कुणाची चूक नाही. मी किती दिवस वर बसणार? उतरतो आता. तुम्हीही घरी जा, जेवून घ्या."

त्यामागे समुद्र होता. मी सुपातल्या तांदळाचा आवाज झोपेतही ओळखीन. तो मीच पाखडला होता. हा तो नव्हता. खोल, ओला, खडकावर येऊन फुटणारा, आणि मधेच वाऱ्याचा झोत. डबड्यासारख्या त्या स्पीकरांतून असा आवाज निघणं शक्य नव्हतं. देवघरातली सांजवात हलली. खिडक्या बंद होत्या.

मग पडदा काळा झाला, खेळ मिटला आणि पिवळ्या ठिपक्याचं चिन्ह पुसलं गेलं.

मी जमिनीवर बसले आणि रडायला लागले. "काकू, मी घालवला. सेल बदलला म्हणून गेला. तो मेलेला सेल होता म्हणूनच दिवा टिकला होता, मला कळायला हवं होतं. आणि तेव्हाही मीच. सुपावरून मीच हसले होते त्याला. मी हसले नसते तर तो गेलाच नसता समुद्रावर."

काकू खुर्चीवरून हलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मागे समुद्र होता ना गं?"

"हो."

"मलाही वाटलं." त्यांनी पदराने चेहरा पुसला, पण डोळे कोरडे होते. "सुपातले तांदूळ मीच दिले होते तुम्हाला. तेव्हाच म्हणाला होता, आई, हे तात्पुरतं. खरा समुद्र आणणारच. तू हसण्याच्या आधीची गोष्ट ही. उगाच इतकी वर्षं डोक्यावर घेऊन फिरलीस."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि सेलाचं म्हणशील तर मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"चार वर्षांपूर्वी माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. बारा दिवस दवाखान्यात. तिथे पडल्या पडल्या रोज मोजत होते, पाच झाले, सहा झाले, सात झाले. आठव्या दिवशी इतकी रडले की नर्सला वाटलं टाके दुखताहेत. घरी आले, भीत भीत लावलं, तर दिवा तसाच." त्या किंचित हसल्या. "मग रिपेरीवाल्या मुल्लांना बोलावलं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. सेल गेलाय, तारीख पुढे जात नाही, म्हणून तेल संपत नाही. म्हणाले, नवा टाकू का? मी त्यांना चहा देऊन घालवून दिलं."

"म्हणजे तुम्ही रोज तेल घालत होता ते..."

"माझ्या तेलावर काही नव्हतं गं. सेल गेल्यापासून एक दिवसही नव्हतं. मशीनची तारीख अडली होती आणि माझीही. माझं लेकरू वर बसून होतं. रोज तेच म्हणायचं, तेल संपत आलं, तेल संपत आलं. कितीदा मनात आलं, याला खाली उतरू द्यावं. पण आईच्या हातून होत नाही." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काल तू दारात उभी राहिलीस तेव्हाच वाटलं, झालं. आणि आज तू म्हणालीस, बदलते. म्हटलं, बदलू दे. तुझ्यावर टाकलं मी. रागावू नकोस."

मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. त्यांच्या पातळाला तुपाचा वास होता.

"चल, ऊठ," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या म्हणालाय तो. आणि आधी श्रीपादभावजींना फोन लावून दे. म्हणावं, मार्गशीर्षात करू."

मार्गशीर्षात कृष्णेच्या घाटावर दर्भाचा पुतळा केला. पिंडाला कावळा शिवेल का म्हणून सगळे झाडाकडे बघत होते. पान ठेवून आम्ही चार पावलं मागे सरलो नाही तोच तो आला. भावजी म्हणाले, इतक्या लवकर कधी पाहिला नाही.

लेखात मी तो खेळ घातला नाही. जो खेळता येत नाही तो अजून खेळवतो, असं कसं लिहिणार? पुढे वाचकांनी कधी विचारलं तर मी पोस्टमनचं स्टेशन सांगते, आणि तो खेळ खरोखरच चांगला आहे.

मशीन काकूंनी मला देऊन टाकलं. दोनेक वर्षांनी पुसलेल्या फाइली परत मिळवणाऱ्या एका माणसाकडे मी ती डिस्क नेली. बाकी सगळं गेलं होतं, फक्त एक आवाज निघाला. विसावं वाक्य. मी हेडफोन लावून ते दहा वेळा ऐकलं. मग काकूंना फोन केला.

"काकू, त्याचं शेवटचं वाक्य सापडलं. पण मागे समुद्र नाही. तांदूळ आहेत. सुपातले, आपलेच. स्वच्छ ऐकू येतात."



"तांदूळच असतील," काकू म्हणाल्या. "त्याच्याकडे दुसरं होतं काय?"

"मग त्या दिवशी आपण दोघींनी काय ऐकलं?"

"अगं, उतरताना वाटेत समुद्र लागतो ना."

मी विचारलं, "आवाज पाठवू तुम्हाला? मोबाइलवर ऐकता येईल."

"नको," त्या म्हणाल्या. "आता त्याला पुन्हा वर चढवू नकोस."